कोरी कार्डं

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी नवीन जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत प्रचाराच्या कामाला होतो. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर एका बँकेच्या वर ऑफिस होतं. मी बी.ए. झालेलो. घर भोकरदन तालुक्यात, वडील आणि मोठा भाऊ शेतीत. मुलाखतीत साहेबांनी एकच विचारलं, "खेड्यातल्या माणसांशी बोलता येतं का?" मी म्हणालो, "दुसऱ्या कुणाशी नीट बोलताच येत नाही." ते हसले आणि मी कामाला लागलो.

काम असं होतं. एक बंद टेम्पो, त्यात मोठा टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर. माणसं दोन, मी आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर पन्नाशीचा होता. सगळं ऑफिस त्याला मामा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. पेरणीच्या आधीचे तीन महिने आम्ही दिवसाला दोन गावं करायचो. उन्हाळ्यात आधी सकाळची शाळा आणि मग सुट्टी, त्यामुळं दुपारी शाळेची खोली मिळायची. खिडक्यांना बारदान बांधून अंधार करायचा, टेबलावर टीव्ही ठेवायचा आणि कंपनीच्या कापसाच्या बियाण्याची वीस मिनिटांची फिल्म दाखवायची. पत्रे तापलेले असायचे. माणसं घामानं भिजायची, पण हलायची नाहीत. फुकटची फिल्म कोण सोडतो?

फिल्म संपली की प्रत्येकाच्या हातात एक कार्ड द्यायचं. पोस्टकार्डाएवढं. त्यावर एका ओळीत दहा गोल, गोलांखाली एक ते दहा आकडे. मी जांभळ्या शाईचं पॅड घेऊन फिरायचो आणि तेच ते वाक्य म्हणायचो, "एक म्हंजे अजिबात आवडली न्हाई, दहा म्हंजे लई आवडली. मधलं तुमचं तुम्ही ठरवा." ज्याला जेवढी आवडली त्या गोलावर त्यानं अंगठा उठवायचा. शिकलेली पोरं अंगठा लावायला तयार नसायची, त्यांच्यासाठी खिशात पेन ठेवायचो.

ही कल्पना साहेबांची. ते पुण्याहून आलेले, प्रचाराचे मुख्य. ते म्हणायचे, "तोंडावर कुणी खरं बोलत नाही. आकडा मात्र समोरच्याचं तोंड बघून बदलत नाही."

पहिल्या वर्षी मला हे पटलं, कारण तसं घडताना मी पाहिलं. पहिली फिल्म साहेबांनी स्वतःच लिहिली होती. पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ फळ्यासमोर उभा राहून बारा मिनिटं बोलायचा. ऑफिसात ती दाखवली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यात मीही होतो. गावात गेलो की सरपंच म्हणायचे, "लई माहितीपूर्ण." पाठीमागं निम्मी माणसं डुलक्या काढत असायची. कार्डं गोळा झाली तेव्हा अंगठ्यांची गर्दी तीन आणि चारवर होती. साहेबांनी दोन दिवस बसून ती स्वतः पुन्हा मोजली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "नवी फिल्म करायची. ही टाका." स्वतःचं लिहिलेलं टाकून देणारा साहेब मी तोपर्यंत पाहिला नव्हता. त्या दिवशी मला त्या दहा गोलांचा आदर वाटला.

नवी फिल्म झकास होती. त्यात गाणं होतं, बैलगाडी होती, एक नवरा-बायको होते, आणि पांढऱ्याशुभ्र कापसानं फुटलेलं एक शेत होतं. बाया ओळीनं कापूस वेचतात आणि मागून भरदार आवाज येतो, "हे शेत कोरडवाहू. आभाळाच्या पाण्याशिवाय इथं एक थेंबही दिलेला नाही." कंपनीचं नवं वाण कोरडवाहूसाठीच होतं, त्यामुळं ते वाक्य तीनदा यायचं. अंगठे आठ-नऊवर गेले. साहेब खूश झाले, मीही झालो.

शंका यायला लागली ती हळूहळू.

एका गावात फिल्म संपल्यावर सरपंच पुढं झाले, सगळ्यांना दिसेल असा अंगठा दहाच्या गोलावर दाबला आणि म्हणाले, "जालन्याचे पाव्हणे आलेत, आपल्या गावची इज्जत आहे." त्यानंतर जेवढी माणसं आली त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी दहावर अंगठा उठवला. ऑफिसात ते गाव पहिलं आलं. दुसऱ्या एका गावात आदल्या साली आमचंच बियाणं नीट उगवलं नव्हतं. तिथं लोकांनी फिल्म सुरू व्हायच्या आधीच कार्डं मागितली.

"आधी बघा तरी," मी म्हणालो.

"बघायचं काय त्याच्यात? आना इकडं ते शाईचं."

एकाच्या गोलावर अंगठे इतके दाबून उठवले की शाई कार्डाच्या मागं उतरली. फिल्म तीच, गाणं तेच. पहिल्या गावात मार्क पाहुण्यांना मिळाले, दुसऱ्यात मागच्या साली न उगवलेल्या बियाण्याला. कागदावर मात्र दोन्हीकडं लिहिलं होतं, 'फिल्म कशी वाटली'.

आणखी एक कोडं होतं. गाव कोणतंही असो, चार-पाच कार्डांवर अंगठा पहिल्याच गोलावर असायचा. फिल्मभर मान डोलवणारी म्हातारी माणसं एक मार्क द्यायची. शेवटी मी एका आजोबांना धरलं.

"बाबा, फिल्म आवडली न्हाई का?"

"आवडली की. लई आवडली."

"मंग एकावर कामून अंगठा?"

आजोबांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "चांगल्या मालाला एक नंबर म्हन्त्यात ना? का धा नंबर म्हन्त्यात?"

मामा टेम्पोला टेकून हसत सुटला. मला मात्र हसू येईना. म्हणजे आतापर्यंत जेवढे एक आले, त्यातले रागाचे किती आणि कौतुकाचे किती, हे आता कोण सांगणार होतं? पुढं दोन हजार सालानंतर वर्तमानपत्रांत सिनेमाच्या नावाशेजारी तारे छापून यायला लागले. घरात पोरं ते तारे मोजून सिनेमा ठरवायची, तेव्हा मला त्या आजोबांचा अंगठा दिसायचा. साडेतीन तारे देणाऱ्या माणसाच्या मनात नक्की काय होतं, हे त्याला कुणी विचारलंय का, असं मी म्हणायचो आणि पोरं वैतागायची.

आता माझ्याकडून झालेली गोष्ट सांगतो.

एप्रिल महिन्यातला लग्नतिथीचा दिवस होता. ज्या गावात गेलो ते सगळं गाव वऱ्हाडाला निघून गेलेलं. शाळेपाशी दोन कुत्री आणि एक आजारी माणूस. ऑफिसचा नियम असा की रोज ठरलेली कार्डं भरून आलीच पाहिजेत. मी चिंचेखाली बसलो, कार्डांचा गठ्ठा मांडीवर घेतला आणि अंगठे उठवायला लागलो. सात, आठ, नऊ, आठ, सात.

मामा म्हणाला, "काय करून राह्यले तुम्ही हे?"

"काम करतोय. तुमचा बी अंगठा आना इकडं. एकाच अंगठ्याचे कसे चालतील?"

"हे बराबर न्हाई, सर."

"मंग उद्या ऑफिसात तुम्हीच सांगा, गाव लग्नाला गेल्तं म्हणून."

मामानं दोन्ही अंगठे दिले. पुढच्या पंधरवड्यात आणखी दोन गावांचं आम्ही असंच केलं. एकदा जमलं की पुन्हा जमतं.

ऑफिसात कार्डं मोजून वहीत उतरवण्याचं काम एका मॅडमकडं होतं. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. डब्यातली भाकरी त्या टेबलावरच खायच्या आणि खाताना वहीवर कागद झाकायच्या. एक दिवस त्यांनी मला बोलावलं. तीन गठ्ठे वेगळे काढून ठेवले होते.

"ही तीन गावं तुम्ही केली?"

"हो."

"नाही केली."

मी म्हणालो, "मॅडम, कशावरून म्हणता?"

"खऱ्या गावात पहिल्या गोलावर चार-पाच अंगठे असतातच. कुठल्याही गावात. का असतात ते मला ठाऊक नाही, पण असतात. या तीन गावांत एकही नाही. आणि कुणी दोन दिलेले नाहीत, कुणी दहा दिलेले नाहीत. इतकी शहाणी तीन गावं जालना जिल्ह्यात नाहीत."

मला आजोबांची गोष्ट सांगावीशी वाटली, पण ती सांगायची माझी लायकी त्या क्षणी उरली नव्हती. मी गयावया केली, "साहेबांना सांगू नका."

"सांगावं लागेल," त्या म्हणाल्या, आणि उठून साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेबांनी चिंचेखालची सगळी हकिगत माझ्याकडून वदवून घेतली आणि मला दार उघडं ठेवून झापलं, म्हणजे बाहेर सगळ्यांना ऐकू जावं. हंगाम ऐन भरात होता आणि नवा माणूस मिळणार नव्हता, म्हणून नोकरी राहिली. मॅडमचा मला इतका राग आला की पंधरा दिवस मी कार्डांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवायचो आणि न बोलता निघून जायचो. राग येण्यासारखं त्यांनी काही केलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. त्यामुळं तो जास्तच येत होता.

त्याच सुमारास भोकरदनच्या बाजूच्या एका वस्तीवर आमची फिल्म होती. मेंढरं पाळणाऱ्या लोकांची जुनी वस्ती. आता थोडी जमीन, थोडी मजुरी. खोलीत मागच्या भिंतीशी बाया बसल्या होत्या. फिल्ममध्ये कापसाचं शेत आलं आणि बायांमध्ये एकदम खसखस पिकली.

"अगं, ही तूच की गं!"

"नीट बघ, हिरव्या लुगड्यातली."

मी टीव्हीकडं पाहिलं. हिरव्या लुगड्यातली एक बाई बोंडातून कापूस ओढून ओटीत टाकत होती. मी ती फिल्म शंभरदा पाहिली असेल, तिचा चेहरा कधी पाहिला नव्हता. मग मागं पाहिलं. भिंतीला टेकून तीच बाई बसलेली होती. पस्तीस-चाळिशीची, डोक्यावर पदर, हसणाऱ्या बायांमध्ये एकटी न हसणारी.

कार्डं वाटली. ती आपलं कार्ड उलटसुलट करून बघत राहिली. मी पॅड घेऊन तिच्यापाशी गेलो.

"भाऊ, ह्याच्यात शून्य कुठं हाये?"

"शून्य न्हाई, ताई. एकापासून सुरू व्हतंय."

"मला एक बी द्यायचा न्हाई."

"कामून? आवडली न्हाई का? तुम्हीच तर हायेत फिल्ममधी."

"म्हनून तर. त्या वावराला चार पानी देलते. पाटाला दारं धरलीत मी, ह्या हातानं. हिरीवर मोटार हाये त्याह्यची. आन् तो मानूस म्हन्तोय आभाळाचं पानी."

मी आजूबाजूला पाहिलं. सगळे ऐकत होते. मी आवाज खाली आणला, "ताई, मार्क फिल्मला द्यायचेत. शेताला न्हाई."

"फिल्म म्हंजे काय मंग? मी वेचून राह्यले ते वावरच दाखवलं ना त्याच्यात?" मग ती म्हणाली, "माझं लुगडं मळकं म्हनून त्याह्यनी हे हिरवं नेसवलं. सांजच्याला घडी घालून माघारी नेलं. म्हन्ले, फोटू काढून राह्यलो. मला काय ठाऊक असं बोलनार म्हून."

तिनं कार्ड माझ्या हातात परत दिलं. कोरं. तिच्या बाजूला बसलेल्या सहा-सात जणींनीही दिली. त्यांच्यातली एक तर अंगठ्याला शाई लावून बसली होती; तिनं तो अंगठा भिंतीच्या दगडावर पुसला.

टेम्पोत बसल्यावर मी त्या कार्डांच्या मागं पेन्सिलीनं लिहिलं, 'शेताला पाणी दिलं होतं असं म्हणणं.' मामानं विचारलं, "खरं असंल का?" मी म्हणालो, "बघून येऊ."

शेत शोधायला वेळ लागला नाही. फिल्ममध्ये मागं दिसणारी टेकडी आणि दोन निंब मामाच्या ओळखीचे होते, केदारखेड्याकडं जाताना लागायचे. उन्हाळ्यामुळं वावर नांगरून पडलेलं होतं. कडेला बांधीव विहीर, मोटारीची खोली, तिथून निघालेला पाट. शेताचा धनी विहिरीपाशी जनावरांना पाणी पाजत होता. मी कंपनीचा म्हटल्यावर त्यानं आम्हाला चहा पाजला आणि न विचारता सांगायला लागला.

"फिल्मवाल्यांनीच सांगितलं, पानी तोडू नका. शूटिंगपोहोत कापसाची पऱ्हाटी हिरवी पायजे. लाइट न्हाई आली तर इंजन लावू म्हन्ले. आपलं काय जातंय?"

त्याच्या बोलण्यात काहीच लपवाछपवी नव्हती. फिल्ममध्ये त्याच्या वावराला कोरडवाहू म्हटलंय हे त्याला माहीतच नव्हतं, कारण त्यानं ती पाहिली नव्हती. मी सांगितलं तेव्हा तो जोरात हसला. म्हणाला, "असं व्हय? मंग हीर बुजवून टाकावी लागंल."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कार्डं उलटून पेन्सिलीचं वाचलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"अंगठे कुणाचे होते मागच्या वेळी?"

"माझे. आणि मामाचे."

"म्हणजे मार्कही तूच देणार आणि तक्रारीही तूच लिहिणार?" त्यांनी कार्डं बाजूला सारली. "कोरं कार्ड रद्द. नियम पहिल्या दिवसापासून आहे. ज्यानं मार्कच दिले नाहीत त्याला सरासरीत कसं धरायचं?"

नियमाप्रमाणं ते बरोबर होते. त्या फिल्मबद्दल ज्यांना खरोखर काही माहीत होतं अशी माणसं जिल्ह्यात मोजकीच असतील. त्यांनी तोंड उघडलं आणि हिशेबात ती नव्हतीच. त्यांनी एक मार्क दिला असता तर निदान आकडा थोडा खाली ओढला गेला असता. खरं बोलल्यामुळं त्या बाया साफ पुसल्या गेल्या. आणि त्यांच्या वतीनं बोलायला कोण, तर मी. चिंचेखाली बसून मामाचे अंगठे उठवणारा.

संध्याकाळी मी सामान आवरत होतो तेव्हा मॅडमनी हाक मारली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

"साहेबांच्या खोलीतलं ऐकू आलं मला. रद्द कार्डं मी फेकत नाही. कपाटात आहेत सगळी."

"तुमचा माझ्यावर विश्वास आहे?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पण खोटं करणारा माणूस कार्ड कोरं सोडत नाही. तुम्ही तर एकही सोडलं नव्हतं."

दोन दिवस आम्ही दुपारची सुट्टी त्या कपाटापाशी काढली. गावाप्रमाणं कोरी कार्डं मोजली. मंठा, परतूर, अंबड, सगळीकडं गावाला एखादं दुसरं. कुणी लहान लेकराच्या हातात दिलेलं, कुणी विसरलेलं. आणि त्या शेताच्या आसपासच्या गावांत गठ्ठेच्या गठ्ठे. मीच गोळा करून आणलेले, पण न बघता. जितकं गाव शेताच्या जवळ तितकी कोरी जास्त. बाकीची कार्डं मात्र तिथंही आठ-नऊवर, म्हणून त्या गावांची सरासरी उत्तम दिसत होती. मॅडमनी पट्टी घेऊन तक्ता आखला. अक्षर सुबक होतं. खाली त्यांनी फक्त एवढंच लिहिलं, 'रद्द कार्डे, गावनिहाय.'

त्या तक्त्यानं मला जरा गोंधळात टाकलं. आकड्यांवरचा माझा विश्वास उडत चालला होता, आणि जे माझं तोंड सांगून पटवू शकलं नाही ते पुन्हा आकड्यांनीच दाखवलं होतं. मॅडमना मी तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "आकड्याचं काय? त्याला जे विचारलं तेवढंच तो सांगतो."

तक्ता साहेबांच्या टेबलावर त्यांनीच नेऊन ठेवला. साहेबांनी एकेका गावावर बोट ठेवत तो वाचला. त्यांना सगळं कळलं हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ते मूर्ख नव्हते, आणि वाईटही नव्हते असं मला अजून वाटतं. चार दिवसांनी त्यांनी मला बोलावलं.

"भोकरदनकडचा दौरा बंद. उरलेला हंगाम मंठा आणि परतूर."

"आणि फिल्म?"

"फिल्म तीच."

"ते वाक्य काढून टाकलं तर..."

"वरून आलंय," ते म्हणाले आणि फोन उचलला. कुणाला लावला ते कळलं नाही, कारण मी खोलीबाहेर पडेपर्यंत ते नंबर फिरवतच होते.

त्या महिन्यात सरासरी वाढली.

मंठ्याकडच्या एका गावात, दौऱ्याच्या शेवटच्या आठवड्यात, फिल्म संपल्यावर पुढच्या रांगेतला एक शेतकरी उठला. पांढऱ्या मिशा, पायात टायरच्या चपला. त्यानं कार्ड घेतलं, अंगठा शाईत बुडवला आणि तसाच धरून मला विचारलं, "सर, तुम्ही किती द्याल?"

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. खोली भरलेली होती. मामा दारात उभा होता. मी म्हणालो, "मी सांगू का? त्या शेताला पाणी दिलेलं हाये. मी सोता जाऊन बघून आलो. हीर हाये तिथं. कोरडवाहू न्हाई ते."

मामानं डोळे मिटले. मला वाटलं, आता माणसं उठतील, कार्डं फाडतील, निदान चार शिव्या तरी ऐकाव्या लागतील. माझी नोकरी गेलीच असंही वाटलं, आणि जरा हलकंही वाटलं.

शेतकऱ्यानं मान हलवली आणि अंगठा आठाच्या गोलावर दाबला.

मी म्हणालो, "बाबा, ऐकलं न्हाई का? पाणी दिलेलं हाये."

"ऐकलं की. त्यात सांगायचं काय? पऱ्हाटी बघितल्याबराबर कळतंय. कमरंच्या वर गेलेली, खालचं पान बी हिरवं. कोरडवाहूत असं ऱ्हातंय व्हय?"

"मंग आठ कामून दिले?"

"तुम्ही फिल्मला मार्क मागितले ना?" तो म्हणाला. "गानं भारी हाये. बैल बी चांगले दाखवले. घटकाभर बरं गेलं."

"आणि बियाणं?"

"बियान्याचं आत्ता कसं सांगू? ते वावरात गेल्यावर बघू."

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, अजून एकदा लावा ना ते गानं." बाकीच्यांनीही सात, आठ, नऊ दिले. चार म्हाताऱ्यांनी एक दिला. एकही कार्ड कोरं आलं नाही.

परतीच्या वाटेवर मी गठ्ठा मांडीवर घेऊन बसलो होतो. तीन वर्षं मी गावोगाव हिंडून विचारत होतो, आणि ऑफिस धरून चाललं होतं की आठ म्हणजे लोकांनी कंपनीवर विश्वास ठेवला. लोकांनी विश्वास पहिल्या मिनिटालाच बाजूला काढून ठेवला होता. मग उरलेली एकोणीस मिनिटं ते निवांत फिल्म बघत होते. मला त्यांचा अभिमान वाटला आणि फसवल्यासारखंही वाटलं. त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईला तेवढं निवांत बसता आलं नाही, कारण त्या खोट्यात तिचे स्वतःचे हात दिसत होते.

माझी नोकरी गेली नाही. मामानं कुणाला सांगितलं नाही आणि कार्डांवर तर आठ होतेच.

पावसाळा सरल्यावर एकदा भोकरदनच्या बाजारात ती मला भेटली. मिरच्यांच्या ढिगापाशी उकिडवी बसून निवडत होती. तिनंच ओळखलं.

"भाऊ, ती फिल्म बंद झाली म्हनं?"

"हो. इकडं बंद केली."

"आमच्या त्या कार्डामुळं का?"

"तुमच्यामुळंच," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

तिचा चेहरा खुलला. शेजारच्या बाईला ती म्हणाली, "बघ, म्हन्ले न्हवते का तुला. सगळ्या म्हनत व्हत्या, कोरं देऊन काय व्हतंय."

मंठा-परतूरचं मी बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. तिनं एक मिरची मोडून वास घेतला, नाक मुरडलं आणि ती ढिगात परत टाकली. मग मला म्हणाली, "ह्या घेऊ नका, भाऊ. वरून लाल दिसत्यात, आतून दमट हायेत." मी पुढच्या दुकानातून घेतल्या.

पुढच्या हंगामाआधी मी कंपनी सोडली, बी.एड. केलं आणि शाळेत लागलो. मॅडमना निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्या जेवत होत्या, वहीवर कागद झाकलेला. त्यांनी विचारलं, "त्या मंठ्याच्या गावात काय केलं होतं तुम्ही?"

मी चपापलो. "का?"

"काही नाही. तुमची ती तीन सोडली तर सगळ्या हंगामात तेवढं एकच गाव, जिथं एकही कार्ड कोरं नव्हतं. मला तेव्हा वाटलं, पुन्हा चिंचेखाली बसलात की काय."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, घास संपवला आणि म्हणाल्या, "पहिल्या गोलावर चार अंगठे होते, म्हणून सोडून दिलं."